चार हजार पानांचा ड्राफ्ट आणि हातात एक महिना

प्रश्न:

नमस्कार ताई, मी सात वर्षं सी मध्ये काम करतेय, बहुतेक सर्व्हरचं. गेल्या आठवड्यात टीम लीडने माझं नाव ऑपरेटिंग सिस्टिमच्या इंटरफेसचं जे स्टँडर्ड असतं त्याच्या नव्या ड्राफ्टच्या रिव्ह्यूसाठी देऊन टाकलं. ड्राफ्ट चार हजार पानांच्या आसपास आहे, मुदत एक महिना, रोजचं काम सुटलेलं नाही. पहिली साठ पानं वाचली, नुसत्या व्याख्या, डोक्यात काही राहिलं नाही. एक सिनियर म्हणतात स्पेलिंगच्या चुका काढून पाठव, बाकी कोण विचारतंय. लीडचं म्हणणं, एका ठिकाणी आपलं प्रॉडक्ट ड्राफ्टपेक्षा वेगळं वागतं, तिथे ड्राफ्टच आपल्यासारखा करून घे. आणि मला स्वतःला एक वाक्य खटकलंय, फाइल बंद करताना मध्येच सिग्नल, म्हणजे सिस्टिमकडून सूचना, आला तर डिस्क्रिप्टरचं, म्हणजे उघड्या फाइलच्या नंबरचं, काय होतं ते दोनदा वाचूनही कळलं नाही. पण तिथे तीस-तीस वर्षं हेच केलेली माणसं असणार, मी काय बोलू? आणि मत द्यायची वेळ आली तर विरोधात द्यायचं का?
– शेवटच्या बाकावरची

उत्तर:

अगं, तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तू अगदी खाली, घाबरत घाबरत लिहिलीयेस. दोनदा वाचूनही कळलं नाही, ही. सात वर्षं सी लिहिणाऱ्या बाईला एखादं वाक्य दोनदा वाचून कळत नसेल तर बहुतेक वेळा ते लिहिणाऱ्यांनी तिथे काहीतरी ठरवायचं सोडून दिलेलं असतं, आणि नेमकं तेच हुडकायला रिव्ह्यू असतो. कुठला ड्राफ्ट ते तू लिहिलं नाहीस पण वर्णनावरून पॉझिक्सच्या, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिमच्या स्टँडर्डच्या, घरातला वाटतोय म्हणून मी उदाहरणं तिथलीच घेते.

तुला जे खटकलं त्याला मोठा इतिहास आहे. पॉझिक्सच्या २००८ च्या आवृत्तीत असं होतं की क्लोज, म्हणजे फाइल बंद करायचं फंक्शन, चालू असताना सिग्नल आला आणि क्लोज ई-इंटर, म्हणजे मध्येच अडथळा आला अशी, एरर देऊन परत आलं तर त्या डिस्क्रिप्टरची अवस्था अनस्पेसिफाइड, म्हणजे तो उघडा आहे की बंद झालाय हे स्टँडर्ड सांगतच नव्हतं. का, तर लिनक्स अशा वेळी डिस्क्रिप्टर बंद करून मोकळं होतं आणि एचपीचं युनिक्स, एचपी-यूएक्स, तो उघडा ठेवायचं, दोन्ही सिस्टिम आधीपासून बाजारात, मग दोघांनाही चालेल असं लिहिलं. कागदावर भांडण मिटलं, पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने करायचं काय? पुन्हा क्लोज मारलं तर लिनक्सवर धोका, कारण मधल्या काळात त्याच प्रोग्रॅमच्या दुसऱ्या थ्रेडने नवी फाइल उघडली असेल आणि तिला तोच नंबर मिळाला असेल तर तू तिची फाइल बंद करून बसतेस. नाही मारलं तर दुसऱ्या सिस्टिमवर डिस्क्रिप्टर गळत राहतो. मी एका जुन्या नोकरीत असला बग तीन आठवडे शोधलाय, लॉगच्या ओळी भलत्याच फाइलमध्ये जायच्या, आणि मुळाशी होतं ते हे पुन्हा-क्लोज-मारणारं लूप, जे कोणीतरी अगदी चांगल्या हेतूने लिहिलेलं होतं. २०२४ च्या आवृत्तीत हे शेवटी निस्तरलं, ई-इंटर आला तर डिस्क्रिप्टर उघडाच राहिलेला असणार, आणि बंद झाला असेल तर ई-इंटर द्यायचाच नाही, ई-इनप्रोग्रेस द्यायचा नाहीतर सरळ शून्य, म्हणजे काम झालं, शिवाय पॉझिक्स-क्लोज नावाचं वेगळं फंक्शन आलं. हे घडलं कारण कोणीतरी बसून लिहून पाठवलं की या वाक्यावर भरवसा ठेवून बरोबर प्रोग्रॅम लिहिताच येत नाही. त्यामुळे तुझ्या ड्राफ्टमधलं ते वाक्य सोडू नकोस, सगळ्यात आधी तेच घे.

आता चार हजार पानांचं. ती वाचायची नाहीत. एकटं कोणी ती वाचत नाही, तीस वर्षंवालेसुद्धा नाही, ते आपापला भाग वाचतात आणि ग्रुप मिळून सगळं झाकलं जातं. तू एक कागद घे, गेल्या सात वर्षांत ज्या फंक्शन्सनी तुला रात्री जागवलं त्यांची नावं लिही, दहा-बारा निघतील. तेवढीच पानं तुझी. सर्व्हरचं काम आहे म्हणजे सॉकेट, पोल, फोर्क, सिग्नल, थ्रेड यातलं काहीतरी असणारच. दहा फंक्शन नीट वाचलेली बाई कमिटीला चार हजार पानं चाळलेल्या माणसापेक्षा जास्त उपयोगाची, हे मी अनुभवाने सांगतेय.

साठ पानांच्या व्याख्या आत्ता बाजूला ठेव पण काही शब्द पक्के करून घे, त्यांच्याशिवाय एक पान पुढे जाऊ नकोस. शॅल म्हणजे सिस्टिमने करायलाच पाहिजे. शुड म्हणजे केलं तर बरं. मे म्हणजे सिस्टिमला मुभा आहे, करेल किंवा नाही करणार, आणि प्रोग्रॅमने त्यावर अवलंबून राहायचं नाही. आपण बोलताना मे सहज वापरतो, इथे तो शब्द फार महाग आहे, कारण प्रत्येक मे म्हणजे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला एक जास्तीचा इफ. मग ते तीन शब्द ज्यात जुनेजाणतेही गोंधळतात. इम्प्लिमेंटेशन-डिफाइन्ड म्हणजे सिस्टिमने स्वतः ठरवायचं पण काय ठरवलं ते लिहून द्यायचं. अनस्पेसिफाइड म्हणजे तुझा प्रोग्रॅम बरोबर आहे, तरी काय होईल ते सांगणार नाही आणि लिहून द्यायचीही सक्ती नाही. अनडिफाइन्ड म्हणजे प्रोग्रॅमच चुकीचा होता, आता काहीही होऊ शकतं. एखाद्या ठिकाणी ड्राफ्टने अनडिफाइन्ड म्हटलंय आणि तुला दिसतंय की प्रोग्रॅमरने काहीच चूक केलेली नाही, तर ती खरी हरकत आहे, बिनधास्त घे. शेलमधली मजकूर छापायची कमांड एको आठवून बघ, आर्ग्युमेंटमध्ये बॅकस्लॅश असला किंवा पहिलंच उणे-एन असलं तर काय होणार ते इम्प्लिमेंटेशन-डिफाइन्ड आहे, म्हणूनच एकच स्क्रिप्ट बॅश शेलमध्ये एक दाखवते आणि डॅश शेलमध्ये दुसरंच, आणि म्हणूनच स्टँडर्ड स्वतः सांगतं की पोर्टेबल हवं असेल तर प्रिंटएफ वापरा.

अजून एक, पानाचा कुठला भाग बंधनकारक आणि कुठला नुसता माहितीचा हे बघत जा. सिनॉप्सिस, डिस्क्रिप्शन, रिटर्न व्हॅल्यू, एरर्स हे बंधनकारक. उदाहरणं, ॲप्लिकेशन युसेज, रॅशनाल म्हणजे असं का ठरवलं त्याची कारणं, फ्यूचर डायरेक्शन्स हे माहितीपुरतं. पुष्कळदा खरी अट रॅशनालमध्ये लपलेली सापडते, वर डिस्क्रिप्शनमध्ये तिचा पत्ता नसतो, कारण लिहिणाऱ्याच्या डोक्यात ती इतकी पक्की होती की वर लिहायची राहूनच गेली. वाचणारा सिस्टिम बनवताना रॅशनाल पाळायला बांधील नाही, म्हणजे ती अट नाहीच.

वाचताना दोन टोप्या घालायच्या. एकदा सिस्टिम बनवणारी हो, आळशी आणि थोडी खट्याळ, स्वतःला विचार की या वाक्यातला शब्दन् शब्द पाळून मी किती वाईट सिस्टिम बनवू शकते. मग प्रोग्रॅम लिहिणारी हो आणि विचार की एवढ्यावर भरवसा ठेवून मी काय लिहू शकते. दोघींच्या उत्तरात जिथे फट पडते तिथे कॉमेंट. एरर्सच्या यादीत हे फार दिसतं, तिथे 'शॅल फेल' आणि 'मे फेल' अशा दोन याद्या असतात, एखादी एरर मे मध्ये टाकलीय पण तुझ्या प्रोग्रॅमला ती तपासण्याचा दुसरा मार्गच नाही, तर ती शॅल मध्ये पाहिजे, किंवा उलट, अशी अट घातलीय की काही सिस्टिमना ती ओळखताच येणार नाही.

नवं फंक्शन आलं असेल तर माझी एक सवय आहे, तू पण लाव. त्या फंक्शनचं पान वाचायच्या आधी मी त्याचं नाव अख्ख्या ड्राफ्टमध्ये सर्च करते. हेडरच्या पानावर आलंय का, सिग्नल हँडलरमधून कुठली फंक्शन सुरक्षित आहेत त्या यादीत असायला हवं का, थ्रेड कॅन्सल होण्याच्या जागांची यादी असते तिथे हवं का, कुठली थ्रेड-सेफ नसली तरी चालतात त्या यादीत चुकून गेलंय का. पान लिहिणारा माणूस आपल्या पानात गुंग असतो, बाकी पाच ठिकाणी बदल करायचे राहतात, आणि हे शोधायला तीस वर्षांचा अनुभव लागत नाही, सर्च आणि चिकाटी लागते. नावाकडेही बघ. एक ओळ वाचणारं गेटलाइन २००८ मध्ये स्टँडर्डमध्ये आलं तेव्हा कित्येक जुन्या प्रोग्रॅम्समध्ये त्याच नावाचं स्वतःचं फंक्शन होतं, नव्या सिस्टिमवर कंपाइल करायला गेलं की ते आदळायचं.

आणि आकडे. जिथे कुठे सूत्र, मर्यादा, साइज दिसेल तिथे कागद घे आणि किंमती घालून बघ, नुसतं वाचून पुढे जाऊ नकोस. याचं उदाहरण मला फार जवळचं आहे. १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले ते काढायचं सूत्र पॉझिक्सच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये होतं, त्यात लीप वर्षासाठी दर चार वर्षांनी एक दिवस मिळवला होता, बस. शंभराने भाग जाणारं वर्ष लीप नसतं पण चारशेने भाग गेला तर असतं, हे त्यात नव्हतंच. २००० ला चारशेने भाग जातो म्हणून ते वर्ष सुखरूप निघालं असतं आणि चूक कोणाला कळली नसती, पण २१०० लीप नाही, सूत्र ते लीप धरतं, म्हणजे २१०१ च्या पहिल्या दिवसापासून सगळी घड्याळं एक दिवस, ८६४०० सेकंद, चुकली असती. २००१ च्या आवृत्तीपासून त्यात दोन पदं वाढवलेली आहेत, एक शंभरसाठी वजा, एक चारशेसाठी अधिक. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी खरंच वहीत मांडून बघितलं, दहा मिनिटं लागतात. पहिलं स्टँडर्ड १९८८ चं, म्हणजे इतकी वर्षं ते कितीतरी हुशार लोकांच्या डोळ्यांखालून गेलं, आणि ज्याने ते पकडलं त्याला ऑपरेटिंग सिस्टिमचं काही खास ज्ञान लागलं नाही, शाळेत शिकलेलं लीप वर्ष पुरलं. तू म्हणतेस मी काय बोलणार, तर हे असं काहीतरी बोलणार.

आता कॉमेंट लिहायची कशी, कारण इथे नवीन माणसं हमखास अडकतात, मी पण अडकले होते. माझी पहिली कॉमेंट एका ओळीची होती, हा परिच्छेद अस्पष्ट आहे, एवढंच. परत आली, विचारलं होतं की नक्की काय बदलायचं, आणि मला वाईट वाटलं होतं, पण त्यांचं बरोबर होतं. कमिटीकडे शेकडो कॉमेंट असतात, प्रत्येकीवर बैठकीत बोलायचं असतं, तिथे तू समोर नसशील. म्हणून पान नंबर, लाइन नंबर, सेक्शन लिही, ड्राफ्टमध्ये प्रत्येक ओळीला नंबर त्याच्यासाठीच दिलेला असतो, आणि कुठल्या ड्राफ्टचा नंबर तेही लिही कारण पुढच्या ड्राफ्टमध्ये सगळे सरकतात. मग अडचण काय, दोन-चार वाक्यांत, जमल्यास एक बारीक प्रोग्रॅम जो या वाक्यामुळे मोडतो. आणि मग सगळ्यात महत्त्वाचं, बदल, म्हणजे अमुक ओळीतलं हे वाक्य काढा आणि त्या जागी हे वाक्य घाला, तुझ्या शब्दांत पूर्ण लिहिलेलं, शॅल आणि मे तोलून मापून. हे लिहायला बसलीस की तुझं तुलाच कळतं की आपल्याला नक्की काय हवंय, अर्ध्या वेळा मला तिथेच समजलंय की माझी हरकत चुकीची होती किंवा वेगळीच होती. तुझं वाक्य जसंच्या तसं घेतील असं नाही, बरेचदा बदल करून स्वीकारलं असा शेरा येतो, म्हणजे तुझा मुद्दा पटला पण शब्द त्यांचे. नाकारली तरी कारण लिहून देतात, ते वाच, त्या कारणांतून मी जितकं शिकले तितकं कुठल्या कोर्समध्ये शिकले नाही.

पाठवायच्या आधी हाताशी असतील तेवढ्या सिस्टिमवर तो बारीक प्रोग्रॅम चालव. लिनक्सवर जीलिबसी आणि मसल या दोन्ही सी लायब्ररी, एक बीएसडी, मॅक असेल तर मॅक. चारही ठिकाणी एकच उत्तर आलं आणि ड्राफ्ट वेगळं म्हणतोय, तर तुझी बाजू भक्कम. चारही ठिकाणी वेगवेगळं आलं, तर तोच निकाल कॉमेंटमध्ये टाक, त्यावर कोणी वाद घालत नाही.

तुझ्या सिनियरचं म्हणशील तर स्पेलिंगच्या चुका जरूर पाठव, दिसल्या की लगेच, त्या एडिटोरियल म्हणून वेगळ्या घेतात आणि एडिटरला मदतच होते, फक्त तिथेच थांबू नकोस. कॉमेंटचं वजन तुलाच सांगावं लागतं, एडिटोरियल, नुसती कॉमेंट, की ऑब्जेक्शन. ऑब्जेक्शन जपून वापर, हे असंच छापलं गेलं तर बरोबर प्रोग्रॅम मोडतील किंवा सिस्टिम बनवताच येणार नाही, अशा ठिकाणीच.

लीडचा प्रश्न थोडा नाजूक आहे. तुमचं प्रॉडक्ट वेगळं वागतं ही माहिती कमिटीला हवीच असते, कारण पॉझिक्ससारखं स्टँडर्ड नवीन शोध लावायला नसतं, जे आधीपासून चालतंय ते लिहून काढायला असतं. तेव्हा ती माहिती दे, आणि आम्ही कोण आहोत, आमचं प्रॉडक्ट असं वागतं, हे उघड लिहून दे, लपवून तांत्रिक कारणाचा आव आणू नकोस, तिथल्या लोकांना लगेच कळतं आणि मग तुझ्या बाकीच्या चांगल्या कॉमेंटकडेही संशयाने बघतात. पण आमचं असं आहे एवढं कारण पुरत नाही. बाकीच्या सिस्टिम काय करतात ते तपास, मग लीडसमोर बसून तीन रस्ते मांड. दोन्ही वागणी चालतील असं लिहून घ्यायचं, पण मग प्रोग्रॅमरवर ओझं पडतं, क्लोजचं झालं तसं. किंवा एक बाजू पक्की करायची आणि दुसऱ्याने बदलायचं, आणि तो दुसरा तुम्ही असू शकता. किंवा वेगळ्या नावाने वेगळी सोय आणायची. प्रत्येकाला किंमत आहे. टार आणि सीपीआयओ या फाइली एकत्र बांधणाऱ्या दोन प्रोग्रॅम्सच्या भांडणात १९९२ च्या शेल-आणि-युटिलिटीजच्या स्टँडर्डमध्ये पॅक्स आणलं, लॅटिनमध्ये पॅक्स म्हणजे शांतता, आणि लोक आजही टारच वापरतात. डिस्कवरच्या जागेचा हिशोब देणाऱ्या डीएफ आणि डीयूने आकडे ५१२ बाइटच्या ब्लॉकमध्ये द्यायचे असं स्टँडर्ड म्हणत राहिलं, या कमांड स्वतः लिहिणाऱ्या ग्नू प्रोजेक्टवाल्यांना ते वापरणाऱ्यांच्या गैरसोयीचं वाटलं, त्यांनी १०२४ ठेवलं आणि स्टँडर्डसारखं हवं असेल त्याने एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावावं अशी सोय दिली, ती पॉझिक्सली-करेक्ट नावाने अजून आहे. लोक खरंच जे वापरतात त्याच्या विरुद्ध लिहिलं की असं होतं, हे लीडला दाखव, त्यांनाही पटेल की नुसतं शब्द बदलून घेतल्याने काही हाती लागत नाही.

आणि चुकीचं एकदा आत गेलं की बाहेर काढणं किती अवघड असतं ते फाइल लॉकवरून बघ. एफसीएनटीएल या फंक्शनने लावलेल्या लॉकचा नियम असा की त्या फाइलचा कुठलाही एक डिस्क्रिप्टर प्रोसेसने बंद केला की त्या प्रोसेसचे त्या फाइलवरचे सगळे लॉक जातात, मग ती फाइल एखाद्या लायब्ररीने तुझ्या नकळत उघडून बंद केली असली तरी. हा नियम १९८८ पासून आहे, सगळ्यांना त्रासाचा आहे हे माहीत आहे, पण त्यावर चालणारे प्रोग्रॅम असल्यामुळे काढता आला नाही, शेवटी २०२४ मध्ये शेजारी दुसऱ्या प्रकारचे लॉक आणले, जे उघडलेल्या फाइलला चिकटलेले असतात, आणि जुना नियम तसाच आहे. म्हणून म्हणते, ड्राफ्ट असतानाच बोल.

मतदानाबद्दल. आधी बघ की तुझा आत्ताचा टप्पा नुसत्या कॉमेंटचा आहे की खरंच मताचा, पॉझिक्स लिहिणाऱ्या ऑस्टिन ग्रुपमध्ये कोणीही फुकट सामील होऊन कॉमेंट देऊ शकतं, आयट्रिपलई या इंजिनियरांच्या संस्थेचं मतदान वेगळं असतं, त्यात निदान ७५ टक्के लोकांनी मतपत्रिका परत द्याव्या लागतात आणि निदान ७५ टक्के मतं बाजूने पडावी लागतात. विरोधात मत देणं म्हणजे भांडण नाही, ती पद्धतच आहे, पण सोबत काय बदललं तर मी होकार देईन हे लिहिलेलं असलं पाहिजे. तुझ्याकडे एकही ऑब्जेक्शन नसेल तर विरोध करू नकोस. एक जरी पक्कं असेल, त्या क्लोजसारखं, तर कर, आणि त्यांनी ते दुरुस्त केलं की मत बदल, तसंच अपेक्षित असतं. फक्त एक ध्यानात ठेव, पुढच्या फेरीत साधारणपणे बदललेल्या भागावर आणि त्याचा परिणाम झालेल्या भागावरच बोलता येतं, आत्ता राहिलेला मुद्दा तेव्हा काढलास तर उशीर झाला म्हणतील.

तर या शनिवारी ती दहा नावांची यादी कर, आणि क्लोजची कॉमेंट मुदतीच्या शेवटच्या दिवसाची वाट न बघता पहिल्या आठवड्यातच पाठव, लवकर आलेल्या कॉमेंटवर लोकांना विचार करायला वेळ मिळतो आणि कोणीतरी उलट प्रश्न विचारला तर तुलाही उत्तर द्यायला मिळतो. लिहिलेलं नवं वाक्य पाठवायच्या आधी कोणाला दाखवावंसं वाटलं तर मला पाठव, लाइन नंबरसकट.